अर्धा सूत

खात्यानं सहा सायकली दिल्या, गियरच्या,
पुढं शॉकअप, चाकांना डिस्क,
सीटवरचं प्लास्टिक तसंच ठेवून आमचा फोटो काढला.
दोन उन्हाळ्यांत पाच बसल्या.
बिसरामच्या शॉकअपनं तेल ओकलं,
रूपलालची सागाच्या खुंटाला घासली, मागचा हँगर वाकला,
बोटाएवढा तुकडा,
आणि धारणीपासून अमरावतीपर्यंत तो कुणाकडं नाही.

माझी उरली.
दर रविवारी तिला उलटी करते,
जुन्या टूथब्रशनं साखळी घासते, कोरडी पुसते,
मग कडीला एक थेंब. एकच.
"जास्त तेल म्हंजे धुयीले आवतन," नियामतभाऊ म्हणतात, परतवाड्याचे.
त्यांनीच ही शाळेतली फूटपट्टी दिली:
"चोवीस कड्या बारा इंचात बसल्या, त ठीक.
अर्धा सूत बाहीर गेली, त बदलून टाक.
नाही त साखयी एकटी नाही मरत,
जाता जाता चकरीचे दात बी खाऊन जाते."

फाल्गुनात आवाज सुरू झाला.
चढावर उजवा पाय खाली गेला की
किर्र.
सपाटीला गप्प. उभं राहून मारली तर गप्प.
बिसराम म्हणाला पेडल. पेडल काढलं,
(डावं उलट्या आट्यांचं, ते एकदा विसरले होते, तळहातावर खूण आहे)
ग्रीस भरलं. किर्र.
नियामतभाऊंनी एक्सल खोलला,
गोळ्या कापडावर मांडल्या, एकेक उजेडात धरली,
"याईले काई झालं नाही," म्हणाले, जरा नाराज होऊन.
किर्र.
तीन आठवडे मी त्या आवाजासोबत गस्त घातली.
चितळांनी मान वर करणं सोडलं होतं.

शेवटी सीटचा दांडा उपसला.
नळीत चिमूटभर लाल मुरूम.
बस, एवढंच.
पुसला, ग्रीस लावलं, बसवला,
आणि सायकल अशी चालली
की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

चैत्रात, पहाटे, मोहाच्या वळणावर
खाली फुलांचा सडा, त्यात काळं काहीतरी.
मी ब्रेक दाबले.
आदल्या रात्री ग्रीसचं बोट डिस्कला लागलं होतं,
पुसायचं राहून गेलं होतं.
सायकल उशिरा थांबली, पण किंचाळली,
अख्ख्या नाल्याला ऐकू जाईल अशी.
अस्वल दोन पायांवर उभं राहिलं.
नाकाला फूल चिकटलेलं.
मग वळलं, घाई न करता, आणि लँटानात गेलं.
मी बराच वेळ हँडल धरून होते.
गुडघे कुणाचे होते कोण जाणे.

नियामतभाऊंनी आधी डिस्कसाठी शिव्या घातल्या,
पॅड काढून सँडपेपरवर घासले,
शेजारच्या दवाखान्यातून स्पिरिट मागवलं.
मग मी म्हणाले, भाऊ, थोडा आवाज ठेवा.
"काहून? तीन आठवडे जीव खाल्ला माहा, आवाज काढा म्हनून."
वळणाचं सांगितलं.
ते काही बोलले नाहीत.
भंगारातून रूपलालच्या सायकलीची घंटी उचलली,
माझ्या हँडलवर बसवली, नट पूर्ण आवळला,
आणि उलटा फिरवला, एक आटा.
"चाळीस वर्सांत पयल्यांदा ढिला सोडतो," म्हणाले,
"कोनाले माहं नाव सांगू नको."

आता गोट्यावरून गेलं की ती खुळखुळते.
वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर
'वस्तूची सद्यस्थिती'समोर लिहिलं: चालू.
शेऱ्यात: आवाज करते. दुरुस्ती नको.
साहेबांनी शेऱ्याखाली प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलाय.

आज रविवार.
उलटी केली, पुसली, फूटपट्टी लावली,
डोळा अगदी कडीजवळ नेला.
अर्धा सूत नाही अजून.
पण बारावर थांबतही नाही.